घोडखार, हिस्सा नंबर तीन

कोलशेतला मोजणी होती. अतितातडीची, फी भरलेली.
अर्जदार: कासा लिस्बोआ गृहनिर्माण संस्था,
बत्तीस मजले, दोन तळघरं,
खाडीकडे तोंड करून एक तरणतलाव.
लिस्बोआ का, असं सेक्रेटरींना विचारलं.
म्हणाले, बिल्डरचं डोकं. आधी टस्कनी ठरलं होतं,
ते शेजारच्यांनी घेतलं.

माझ्याकडे कापडावर डकवलेला नकाशा,
घडीच्या जागी झिजून भोक पडलेला.
नेमकं भोकाच्या कडेला, बोरूच्या तिरक्या अक्षरात
घोडखार.

खार म्हटलं की कळतं,
बांध घालून समुद्राच्या तोंडातून काढलेली जमीन.
पण चिखलात घोडा कुठला?

कचेरीतले वर्तक कारकून सांगायचे,
पोर्तुगालच्या राजाच्या नावाने वसईहून कागद निघाला,
कुण्या दों फर्नांवला गाव दिलं, तीन पिढ्यांसाठी:
शेतं, ताड, मिठागर, जाळी लावायचे खुंटे,
आणि माणसं, ती यादीत शेवटी.
वर्षाचा फोरो भरायचा. शिवाय अट,
दारात एक घोडा, कायम खोगीर चढवलेला,
राजाला लढाई लागली तर.
वर्तक हे सांगताना नेहमी डबा उघडायचे,
त्यामुळे लढाईचं पुढे काय झालं ते राहून जायचं.

मराठे आले, मग इंग्रज. कागद पालटले.
घोडा मध्येच कधीतरी मेला असणार.
गवताचा तुकडा त्याच्या नावावर राहिला.

लगतधारक म्हणून एका मेलेल्या माणसाला नोटीस गेली होती.
त्याची सून आली, हिरूबाय.
हातात नोटीस, पिशवीत निवट्या, अजून वळवळणाऱ्या.
नकाशावर मी बोट ठेवलं.
'घोरखार,' ती म्हणाली, ड चा र करून,
आणि नाव एकदम कुणाचं तरी झालं.
'आमचे आजेसासऱ्यानी गवत कापला हितं.'
कुणाच्या घोड्यासाठी?
'घोरा कोनी बगलाय? गवत बगलाय.'

उपग्रह आकडे सांगत होता, मी उतरवत होतो.
खुणा शोधत तळघरात उतरलो, दुसऱ्या.
पंप गुरगुरत होता. भिंतीला मिठाची पांढरी मिशी.
गळती आहे, सेक्रेटरी म्हणाले,
वॉटरप्रूफिंगवाल्यावर केस टाकलीय.

हिरूबाय मागोमाग आली होती, कुणी बोलावलं नव्हतं.
तिने खांबाला हात लावला, गुराच्या पाठीला लावतात तसा.
'हितंच उघारी होती. पानी आत घेवाची, भाएर सोरवाची.
अमुशेला येल ते. आज अष्टमी, भांग हाय.
पंप कनाला जालता?'
सेक्रेटरींनी मोबाईलवर तिथी पाहिली.
मग वॉचमनला खूण केली.

आवाज थांबला तेव्हा कळलं
आम्ही सगळे इतका वेळ ओरडून बोलत होतो.

कोपऱ्यात एक गाडी, कव्हर चढवलेली,
चारही टायर बसलेले.
मालक दोह्याला. मेंटेनन्स वेळेवर येतो, म्हणाले,
बॅटरी मात्र दर महिन्याला चार्ज करून ठेवायची, अशी ताकीद आहे,
न जाणो, कधी आले तर.
मी तिचं माप घेतलं नाही. तशी तरतूद नाही.

कापडावर आणि जमिनीवर फरक निघाला
एक मीटर दहा, खाडीच्या बाजूला.
कोण सरकलं, ते रकान्यात विचारत नाहीत.
लिहिलं: फरक क्षम्य.

पंचनाम्यावर सही हवी, आणि नाव मेलेल्याचं.
'करिता' लिहा, मी म्हणालो, पुढे तुमचं नाव.
तिने बराच वेळ घेतला.
क च्या पोटात शाई साचली.
'करिता हिरूबाय,' आणि खाली रेघ, बांधासारखी,
जरा वाकडी, पण मोडलेली नाही.

मग पिशवी पुढे केली.
निवट्या शंभरला वाटा.
मी घासाघीस केली नाही.